खर्च कनेक्शनचा

१९९१ साली जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत टिम बर्नर्स-ली यांनी वेबसाठी जो संवादाचा नियम ठरवला, तो थक्क व्हावे इतका आखूड होता. वाचकाच्या संगणकाने सर्व्हरशी कनेक्शन जोडायचे, ‘गेट’ हा शब्द आणि हव्या त्या पानाचा पत्ता अशी एकच ओळ पाठवायची. सर्व्हरने पान पाठवायचे आणि कनेक्शन तोडून टाकायचे. पान संपले हे वाचकाच्या संगणकाला कळायचे ते कनेक्शन तुटल्यावरूनच, त्यासाठी दुसरी खूण नव्हती. भौतिकशास्त्रज्ञांनी एकमेकांचे मजकूर वाचावेत एवढ्यापुरते हे पुरेसे होते, आणि शहाणपणाचेही होते. सर्व्हरला कोणाचीच आठवण ठेवावी लागत नसे, त्यामुळे तो लिहून काढणे फारसे अवघड नव्हते, आणि वेब भराभर पसरली यात या सोपेपणाचा वाटा मोठा आहे. पण पुढच्या तीस वर्षांत वेब वेगवान करण्यासाठी जी खटपट झाली, तिचा बराचसा भाग या शेवटच्या कृतीचे, म्हणजे काम झाले की तोडून टाकण्याचे, परिणाम निस्तरण्यात गेला. ही हकिकत बहुधा प्रगतीची चढती कमान म्हणून सांगतात. मला ती तशी दिसत नाही. कनेक्शनचा खर्च या काळात कधीच नाहीसा झाला नाही. तो एकाच्या माथ्यावरून उतरला तो दुसऱ्याच्या माथी बसला. प्रत्येक टप्प्यावरचा वाद नीट पाहिला, तर हा भार कोणी उचलायचा हाच प्रश्न त्याच्या तळाशी सापडतो.

हा खर्च मुळात कशाचा, ते आधी पाहू. इंटरनेटच्या तारांमध्ये कनेक्शन नावाची वस्तू नसते. तिथे असतात सुटी पॅकेट्स; ती हरवतात, उशिरा पोचतात, मागेपुढे होतात. व्हिंट सर्फ आणि बॉब कान यांनी १९७४ साली मांडलेल्या आणि १९८१ साली पक्क्या झालेल्या टीसीपी या नियमाने त्यावर उपाय काढला तो असा, की दोन्ही टोकांच्या संगणकांनी आपापल्या मेमरीत एक नोंद ठेवायची: आपण काय पाठवले, समोरच्याला काय पोचले, पुढचा आकडा कोणता. कनेक्शन म्हणजे या दोन नोंदींचा मेळ. तो बसवायला तीन पॅकेट्सची देवाणघेवाण लागते, म्हणजे पहिली मागणी सुटण्याआधी एक पूर्ण हेलपाटा जातो. दुसरा खर्च पुढे जोडला गेला. १९८६ च्या ऑक्टोबरमध्ये लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली विद्यापीठ यांच्यातला, जेमतेम ४०० यार्डांचा दुवा कोलमडला: सेकंदाला ३२,००० बिट्स वाहून नेणारी वाट ४० बिट्सवर आली. सगळे संगणक हरवलेली पॅकेट्स पुन्हा पुन्हा पाठवत होते आणि त्यानेच वाट आणखी तुंबत होती. व्हॅन जेकबसन यांनी १९८८ मध्ये दिलेल्या उपायाचा गाभा आजही वापरात आहे: नव्या कनेक्शनने आधी थोडीच पॅकेट्स सोडायची, पोच मिळत गेली की दर फेरीला दुप्पट करायची, आणि पॅकेट हरवले की माघार घ्यायची. इंटरनेट सावरले ते यामुळे. मात्र तेव्हापासून प्रत्येक नवे कनेक्शन बिचकतच निघू लागले. वेबचे छोटे पान तेवढ्यात संपायचे. वाटेचा अंदाज येऊ लागला, की नियमाप्रमाणे कनेक्शन तोडले जायचे. तिसरा खर्च तोडण्याचाच. जी बाजू आधी तोडते तिला आपली नोंद काही काळ जपावी लागते, रेंगाळलेले एखादे पॅकेट पुढच्या कनेक्शनात घुसू नये म्हणून. मूळ नियमाच्या हिशेबाने हा काळ चार मिनिटांचा होतो. वेबमध्ये आधी तोडणारा असे सर्व्हर. ज्याच्याकडे हजारो माणसे येणार, त्यांच्या संपलेल्या कनेक्शनांचा ढीगही त्याच्याच दारी साचणार, अशी ही व्यवस्था होती.

मजकुरापुरते हे खपून गेले. १९९३ साली अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठातल्या एनसीएसए या केंद्रात मार्क अँड्रीसन आणि एरिक बीना यांनी मोझेक हा ब्राउझर तयार केला आणि पानातच चित्रे दिसू लागली. चित्र ही वेगळी फाइल, आणि प्रत्येक फाइलला वेगळे कनेक्शन. दहा चित्रांचे पान म्हणजे अकरा कनेक्शने. समजा एका हेलपाट्याला पाव सेकंद लागतो. प्रत्येक फाइलमागे एक हेलपाटा कनेक्शन जोडायला आणि एक मागणीचा, असे एकामागून एक बावीस हेलपाटे होतात आणि साडेपाच सेकंद नुसती वाट पाहण्यात जातात. चित्रांच्या वजनाचा वेळ यात धरलेलाच नाही. पाव सेकंद हा आकडा भारतातल्या वाचकाला परका नाही. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी मुंबईसह मोजक्या शहरांत सार्वजनिक इंटरनेट सेवा सुरू केली तेव्हा डायल-अपचा वेग होता ९.६ किलोबिट, आणि त्या अरुंद वाटेपुढे बाकी सगळ्या अडचणी किरकोळ वाटत. पण वाट पुढे हजारो पटींनी रुंदावली आणि अंतर होते तेवढेच राहिले. मुंबई ते कॅलिफोर्निया हे अंतर पृथ्वीच्या गोलाईवरून सुमारे साडेतेरा हजार किलोमीटर भरते. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे केबल अगदी सरळ टाकली तरी जाऊन-येऊन १३५ मिलिसेकंदांखाली काही केल्या जाता येत नाही, आणि समुद्रातल्या केबली सरळ जात नाहीत.

यावर दोन उपाय जवळजवळ एकाच वेळी पुढे आले आणि त्यांचे स्वभाव अगदी उलटे होते. १९९४ च्या डिसेंबरात आलेल्या नेटस्केपच्या ब्राउझरने एका पानासाठी एकदम चार कनेक्शने उघडायला सुरुवात केली. वाचकाला पान लवकर दिसले आणि नेटस्केप लोकप्रिय झाला. त्याची किंमत चौपट कनेक्शने सांभाळणाऱ्या सर्व्हरने आणि तुंबलेल्या वाटेवर चार वाटे गमावणाऱ्या इतर वाहतुकीने मोजली. दुसरा उपाय मागणीच कमी करणारा होता. बर्कलीत पीएचडी करणारे वेंकट पद्मनाभन आणि डिजिटल इक्विपमेंट कंपनीच्या पालो आल्टोतल्या प्रयोगशाळेतले जेफ्री मोगल यांनी १९९४ च्या ऑक्टोबरात शिकागोच्या वेब परिषदेत दाखवून दिले, की एकच कनेक्शन उघडे ठेवून त्यावरून सगळ्या मागण्या पाठवल्या, तर विलंब मोठ्या प्रमाणात घटतो. वरच्या उदाहरणात बावीस हेलपाट्यांचे बारा होतात, आणि पान हाती आल्यावर दहाही चित्रांची मागणी उत्तराची वाट न पाहता एकदम पाठवली, तर तीनच उरतात.

आक्षेप उघड होता. वाचक पान वाचत बसला असताना त्याचे कनेक्शन उघडे ठेवायचे, तर सर्व्हरने रिकामटेकड्या पाहुण्यांसाठी मेमरी अडकवून ठेवायची काय? मोगल यांनी १९९५ च्या लेखात याला आकड्यांनी उत्तर दिले. डिजिटलच्या आणि १९९४ च्या कॅलिफोर्निया निवडणुकीचे निकाल देणाऱ्या सर्व्हरच्या नोंदी घेऊन, कनेक्शन अमुक सेकंद रिकामे राहिले की तोडायचे असा नियम असता तर एका वेळी किती उघडी राहिली असती, याचे अनुरूपण त्यांनी केले. थोड्या काळाची मर्यादा घातली तरी फायद्याचा मोठा भाग पदरात पडत होता. शिवाय दर फाइलमागे तोडलेल्या कनेक्शनांच्या नोंदी सर्व्हर तशाही मिनिटेच्या मिनिटे सांभाळतच होता. मेलेल्यांसाठी जागा आहे तर जिवंतांसाठी का नसावी, असा त्या युक्तिवादाचा रोख. तो मान्य झाला. १९९७ च्या जानेवारीत वेबच्या संवादनियमाची, म्हणजे एचटीटीपीची, १.१ ही आवृत्ती आली तेव्हा तिच्या लेखकांत मोगल होते, आणि कनेक्शन उघडे राहणे हा रिवाज ठरून तोडणे हा सांगून करायचा अपवाद झाला. एका ब्राउझरने एका सर्व्हरशी दोनपेक्षा जास्त कनेक्शने उघडू नयेत, असा सल्लाही तिच्यात होता.

त्याच वर्षी जिम गेटीस, हेनरिक फ्रिस्टिक निल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजमाप केले, त्यातून एक अडचणीची गोष्ट पुढे आली. मागण्या एकापाठोपाठ न थांबता पाठवल्या तर नवी पद्धत जुनीपेक्षा वेगवान ठरत होती आणि पॅकेट्सची संख्या निदान निम्म्यावर येत होती. पण प्रत्येक उत्तराची वाट पाहत एकच कनेक्शन वापरले, तर जुनी चार कनेक्शनांचीच पद्धत लवकर पान दाखवत होती. थोडक्यात, नेटवर्कचे भले आणि वाचकाचे भले एकत्र साधायचे तर न थांबता मागण्या पाठवण्यावाचून गत्यंतर नव्हते, आणि नेमके तेच व्यवहारात चालले नाही. उत्तरे मागणीच्या क्रमानेच यायला हवीत असा नियम असल्याने एक जड चित्र पुढे आले की मागची सगळी अडून राहत, आणि वाटेतल्या कित्येक जुन्या प्रॉक्सी (मध्यस्थ सर्व्हर) अशा मागण्यांनी गोंधळून जात. मुख्य ब्राउझरांनी ती सोय एकतर घेतली नाही किंवा बंद करून ठेवली. नियमात असलेली आणि व्यवहारात नसलेली ही तरतूद जवळजवळ दोन दशके तशीच पडून होती.

आता सर्व्हरच्या बाजूला वळू, कारण खर्च तिकडे सरकला होता. एनसीएसएचा सर्व्हर आणि त्यातूनच १९९५ मध्ये निघालेला अपाचे यांची रचना युनिक्सच्या जुन्या वळणाची होती: एक कनेक्शन आले की ते एका प्रोसेसच्या, म्हणजे चालू प्रोग्रॅमच्या एका स्वतंत्र प्रतीच्या, हवाली करायचे. प्रोग्रॅम सरळ वाचता येई, एक प्रोसेस कोसळली तरी बाकीच्या तगत. कनेक्शन क्षणात संपत होते तोवर हे छान चालले. उघड्या राहणाऱ्या कनेक्शनाने हिशेब बदलला, कारण वाचक पान वाचत असताना अनेक मेगाबाइट मेमरी धरलेली अख्खी प्रोसेस त्याच्यासमोर हात बांधून उभी. अपाचेने रिकाम्या कनेक्शनाची मुदत सुरुवातीला १५ सेकंद धरली होती, २.२ आवृत्तीत ती ५ वर आणली, आणि गर्दीच्या साइट चालवणारे अनेक जण ही सोयच बंद ठेवत. मोगल यांचा हिशेब चुकला होता असे यावरून म्हणता येणार नाही. त्यांनी मोजली ती कर्नलमधली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातली नोंद, काहीशे बाइट्सची. सर्व्हरच्या प्रोग्रॅमने तिच्या पाठीवर पूर्ण प्रोसेसचे ओझे लादले होते.

नुसत्या नोंदीही कशा महाग पडू शकतात हे १९९६ च्या सप्टेंबरात न्यूयॉर्कच्या पॅनिक्स या इंटरनेट कंपनीने अनुभवले. हल्लेखोराने खोट्या पत्त्यांवरून कनेक्शनची पहिली पॅकेट्स पाठवत राहायचे, तिसरे पॅकेट कधीच द्यायचे नाही. सर्व्हर अर्धवट कनेक्शनांच्या नोंदी करत बसतो आणि खरे ग्राहक बाहेर राहतात. पाठवणाऱ्याला एक पॅकेट, घेणाऱ्याला एक जागा, असा हा विषम सौदा. डॅन बर्नस्टाइन यांनी सुचवलेला तोडगा मोठा चतुर होता: पहिल्या पॅकेटवर काहीच लक्षात ठेवायचे नाही, हवी ती खूण उत्तराच्या आकड्यातच गुंफून परत पाठवायची आणि ती घेऊन येईल त्याचीच नोंद करायची. लक्षात ठेवण्याचा भार पाहुण्यावर टाकला गेला.

१९९९ मध्ये डॅन केगेल यांनी एका टिपणात सरळ सवाल टाकला, की वेब सर्व्हरने एका वेळी दहा हजार ग्राहक सांभाळायला काय हरकत आहे. तेव्हा सिमटेलचा संग्रह ठेवणारी सीडीरॉम डॉट कॉम ही फाइल-साइट एका यंत्रावर तेवढे ग्राहक सांभाळतही होती. टिपणाच्या पुढच्या आवृत्तीत त्यांनी मांडलेला हिशेब वाचण्यासारखा आहे: १,००० मेगाहर्ट्‌झचा प्रोसेसर, दोन गिगाबाइट मेमरी आणि गिगाबिटचे नेटवर्क कार्ड असलेले यंत्र साधारण १,२०० डॉलरला मिळते, २०,००० ग्राहकांत ते वाटले, तर प्रत्येकाच्या वाट्याला ५० किलोहर्ट्‌झ, १०० किलोबाइट आणि सेकंदाला ५० किलोबिट येतात. डिस्कवरून चार किलोबाइट काढून तारेवर ठेवायला एवढे पुरत नसेल, तर दोष यंत्राचा म्हणता येत नाही.

यावर नेहमी ऐकू येणारे म्हणणे असे, की थोडे थांबायचे होते. यंत्रे दर दोन वर्षांनी दुप्पट ताकदीची होतच होती. पण अडचण वेगळीच होती. प्रत्येक कनेक्शनाला एक थ्रेड (प्रोसेसच्या आतला कामाचा स्वतंत्र धागा) दिला आणि त्याच्या स्टॅकसाठी दोन मेगाबाइट राखले, तर दहा हजारांना वीस गिगाबाइटचा पत्त्यांचा पसारा लागतो, आणि त्या काळच्या ३२ बिटांच्या यंत्रात तो एकूण चारच असे. थ्रेड टाळून एकाच प्रोसेसने सगळ्यांवर लक्ष ठेवायचे म्हटले, तर युनिक्समध्ये त्यासाठी ‘सिलेक्ट’ आणि ‘पोल’ ही दोन साधने होती, आणि ती दोन्ही दहा हजार दारे वाजवून ‘काही आहे का?’ विचारत फिरणाऱ्या पोस्टमनसारखी चालत. बोलणारे दहाच असले तरी चक्कर दहा हजार दारांची, आणि ती संपली की पुन्हा पहिल्यापासून. गौरव बंगा आणि मोगल यांनी १९९८ साली दाखवले, की प्रयोगशाळेतल्या चाचण्यांत हा खर्च दिसतच नाही; तिथे सगळे ग्राहक चपळ आणि जवळचे असतात. खऱ्या इंटरनेटवर मंद, दूरचे ग्राहक असतात, उघडी पण गप्प कनेक्शने साचतात, आणि सर्व्हरचा वेळ त्यांची विचारपूस करण्यात जातो. कनेक्शन उघडे ठेवा म्हणणाऱ्या संशोधकालाच ते उघडे ठेवण्याचा हिशेब पुन्हा मांडावा लागला, ही या कथेतली मला सर्वांत प्रामाणिक वाटणारी घटना. पुढच्या वर्षी या दोघांनी पीटर ड्रुशेल यांच्यासह उपाय सुचवला: कोणत्या कनेक्शनांत रस आहे ते कर्नलला एकदाच सांगून ठेवायचे, आणि काही घडले तेवढेच त्याने कळवायचे. फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये जोनाथन लेमन यांनी २००० साली ‘केक्यू’, तर लिनक्समध्ये दाविदे लिबेन्झी यांनी ‘ईपोल’ आणून असे साधन सर्वांच्या हाती दिले; ईपोल २००२ मध्ये विकासाधीन कर्नलमध्ये शिरले आणि २००३ च्या डिसेंबरात २.६ आवृत्तीबरोबर सगळीकडे पोचले. लक्ष ठेवण्याचा खर्च आता एकूण कनेक्शनांऐवजी बोलणाऱ्या कनेक्शनांच्या प्रमाणात आला.

मॉस्कोत रॅम्बलर या कंपनीत काम करणाऱ्या इगोर सिसोएव्ह यांनी याच साधनांवर एनजिनएक्स हा सर्व्हर उभा केला. २००२ मध्ये काम सुरू झाले आणि पहिली जाहीर आवृत्ती ४ ऑक्टोबर २००४ रोजी, स्पुतनिकच्या उड्डाणाच्या वाढदिवशी आली. त्यात मोजक्याच प्रोसेस असतात आणि प्रत्येक प्रोसेस हजारो कनेक्शने एका फेऱ्यात सांभाळते; गप्प कनेक्शनावर खर्च होते ती थोडीशी मेमरी. अपाचे पुढे मागे पडला यात ही रचना बरीच कारणीभूत आहे, पण तो सगळीकडे हटवला गेला असे नाही. अनेकांनी एनजिनएक्स दाराशी उभा केला आणि जड कामाचा अपाचे आत ठेवला: मंद ग्राहकांना दाराशीच खेळवायचे, आतल्या महागड्या प्रोसेसला फक्त पूर्ण मागणी द्यायची.

मग हा खर्च गेला कुठे? माझ्या मते प्रोग्रॅमरच्या डोक्यात. थ्रेडमध्ये लिहिलेला प्रोग्रॅम वरून खाली वाचता येतो. घटनांच्या फेऱ्यात लिहिलेल्याचे तुकडे होतात, कारण कुठेही थांबून वाट पाहिली की हजारो ग्राहक अडतात. पुढे काय करायचे ते दरवेळी स्वतः लिहून ठेवावे लागते. जॉन औस्टरहाउट यांनी १९९६ मध्ये थ्रेड बहुतेक कामांना वाईट म्हणून सांगितले होते. २००३ मध्ये बर्कलीच्या रॉब फॉन बेरेन, जेरेमी कंडिट आणि एरिक ब्रुअर यांनी त्याला उलट उत्तर दिले: थ्रेड महाग आहेत ते अंमलबजावणीमुळे, कल्पनेमुळे नव्हे, ते स्वस्त करा आणि माणसाला सरळ लिहू द्या. २००९ मध्ये आलेल्या नोड डॉट जेएसने घटनांची शैली जावास्क्रिप्ट लिहिणाऱ्या लाखो लोकांपर्यंत नेली, तेव्हा वाद एका बाजूला झुकल्यासारखा वाटला. पण त्याच वर्षी गूगलने गो ही भाषा जाहीर केली, तिच्यात हलके थ्रेड पायाभूतच होते. आणि २०२३ च्या सप्टेंबरात जावाच्या २१ व्या आवृत्तीतही ते रुजू झाले. टेलिफोन एक्स्चेंजसाठी एरिक्सनमध्ये घडलेल्या अर्लांग भाषेत अशा हलक्या प्रोसेस कितीतरी आधीपासून होत्या. तिच्या आणि फ्रीबीएसडीच्या जोरावर व्हॉट्सअ‍ॅपने २०१२ च्या सुरुवातीला एका सर्व्हरवर वीस लाखांहून अधिक कनेक्शने उघडी असल्याचे जाहीर केले. माझे मत फॉन बेरेन आणि मंडळींच्या बाजूने पडते, एका पुरवणीसह: खाली, कर्नलच्या सीमेवर, या सगळ्या भाषा ईपोल किंवा केक्यूसारखेच साधन वापरतात. तुकड्यांचा गुंता त्यांनी नष्ट केला नाही. तो भाषेच्या रनटाइमने आपल्या अंगावर घेतला, आणि तिथे तो एकदाच लिहावा लागतो.

सर्व्हरच्या मागेही हीच कथा घडली, ती थोडक्यात सांगून पुढे जातो. पोस्टग्रेस हा डेटाबेस आजही प्रत्येक कनेक्शनाला एक प्रोसेस देतो, त्यामुळे दारातले हजारो ग्राहक तसेच डेटाबेसपर्यंत नेता येत नाहीत. म्हणून कनेक्शनांचा एक मर्यादित साठा उघडा ठेवून तोच आळीपाळीने वापरायचा, अशी रीत पडली. स्काइपमधून २००७ साली आलेले पीजीबाउन्सर हे त्याचे सर्वपरिचित साधन. साठा जितका मोठा तितके बरे ही समजूत मात्र टिकत नाही: डेटाबेसच्या प्रोसेसरांना पेलेल त्यापलीकडची कनेक्शने एकमेकांच्या पायात येतात, आणि रांग बाहेर लावलेलीच परवडते.

इकडे ब्राउझरांनी दोन कनेक्शनांचा सल्ला कधीच गुंडाळून ठेवला होता. २००८-०९ च्या सुमारास फायरफॉक्स ३ आणि इंटरनेट एक्स्प्लोरर ८ सहा कनेक्शने उघडू लागले, आणि साइट चालवणाऱ्यांनी एकाच सर्व्हरला चार-चार नावे देऊन त्या सहांचे चोवीस केले. नेटस्केपचाच मार्ग, अधिक धीटपणे. गूगलच्या माइक बेल्शी यांनी २०१० मध्ये केलेल्या मोजणीत दिसले, की वाटेची रुंदी ५ मेगाबिटवरून १० केली तर पान फक्त ५ टक्के लवकर येते. हेलपाट्याचा वेळ कमी केला तर मात्र दरवेळी फायदा होतो. बेल्शी आणि रोबर्तो पेऑन यांनी २००९ मध्ये स्पीडी हा प्रयोग मांडला होताच. त्यातून २०१५ च्या मे महिन्यात एचटीटीपी/२ तयार झाले. एकाच कनेक्शनावर अनेक प्रवाह, उत्तरे कोणत्याही क्रमाने. मोगल यांना हवे होते ते अखेर मिळाले, आणि मिळताच त्याची दुसरी बाजू पुढे आली. टीसीपीला प्रवाह कळत नाहीत. त्याच्या लेखी सगळे एकच सलग धागा. एक पॅकेट हरवले की ते परत येईपर्यंत सगळे प्रवाह अडतात. सहा कनेक्शनांत एक अडले तर पाच चालू राहत. म्हणजे खराब वाटेवरच्या वाचकाला, मोबाइलवरच्या माणसाला, नवी बचत उलट महाग पडू शकत होती.

गूगलमध्ये जिम रॉस्किंड यांनी आखलेला क्विक हा उपाय टीसीपीच बाजूला ठेवतो. यूडीपी या साध्या नियमाच्या पॅकेट्सवर तो स्वतःचे कनेक्शन बांधतो, प्रत्येक प्रवाहाची हरवाहरवी वेगळी मोजतो, कूटभाषेची बोलणी आणि कनेक्शनची बोलणी एकाच हेलपाट्यात उरकतो, आणि ओळख पत्त्याऐवजी स्वतंत्र क्रमांकाने ठेवतो; त्यामुळे फोन वाय-फायवरून मोबाइल डेटावर गेला तरी कनेक्शन टिकू शकते. क्विक २०२१ च्या मे महिन्यात प्रमाण झाले आणि त्यावरचे एचटीटीपी/३ २०२२ च्या जूनमध्ये. एवढे सगळे नवे कशाला, असा प्रश्न सोल किंवा सॅन फ्रान्सिस्कोत बसून रास्त वाटतो. गूगलने २०१७ मध्ये एका लेखात प्रसिद्ध केलेले आकडे त्याला उत्तर देतात. दक्षिण कोरियात सरासरी किमान हेलपाटा ३८ मिलिसेकंदांचा होता आणि पुन्हा पाठवाव्या लागणाऱ्या पॅकेट्सचे प्रमाण १ टक्का. तिथे संगणकावरून केलेल्या शोधाचा विलंब क्विकमुळे १.३ टक्क्यांनी घटला. भारतात हेलपाटा १८८ मिलिसेकंद, पुन्हा पाठवणी ८ टक्के, आणि विलंब घटला १३.२ टक्क्यांनी. कनेक्शनचा खर्च सर्वांत जास्त कोण भरत होते, हे या दोन ओळी सांगतात. तो कोणाच्या माथी गेला हेही त्याच लेखात आहे: सुरुवातीला क्विकसाठी सर्व्हरच्या प्रोसेसरला जुन्या पद्धतीच्या साडेतीन पट काम पडत होते, आणि खूप घासूनपुसून ते सुमारे दुपटीवर आले.

स्वस्त झालेल्या प्रवाहांची गोष्ट २०२३ साली आणखी पुढे गेली. एचटीटीपी/२ मध्ये सर्व्हर एका कनेक्शनावर एका वेळी किती प्रवाह चालू ठेवायचे ते सांगतो, बहुधा शंभर-सव्वाशे. हल्लेखोरांनी मागणी पाठवायची आणि तत्क्षणी रद्द करायची, असा उद्योग सुरू केला. रद्द झालेला प्रवाह मर्यादेत मोजला जात नाही, पण सर्व्हरने कामाला हात घातलेला असतो. पाठवणाऱ्याला दोन चिमुकले तुकडे, घेणाऱ्याला अख्खी मागणी. पॅनिक्सचाच विषम सौदा, एक मजला वर. क्लाउडफ्लेअरवर सुमारे २०,००० संगणकांच्या टोळीने सेकंदाला २० कोटी १० लाख मागण्यांचा मारा केला, तर गूगलने ३९ कोटी ८० लाखांचा उच्चांक नोंदवला. १० ऑक्टोबरला हा दोष एकत्रितपणे जाहीर झाला आणि सर्व्हर लिहिणाऱ्यांनी रद्द मागण्यांची मोजणी करून, अति झाले की ते कनेक्शन बंद करणाऱ्या दुरुस्त्या काढल्या. एनजिनएक्सवर मूळ मांडणीत परिणाम मर्यादित राहत होता, कारण एका कनेक्शनावर हजार मागण्या झाल्या की तो ते आपण होऊन बंद करतो. ज्यांनी गती मिळावी म्हणून हा आकडा खूप वर नेऊन ठेवला होता, त्यांना तो पुन्हा हजारावर आणायला सांगण्यात आले.